शेपटीला उपसर्ग

२ जून १९३३

माझ्या कोटाचं तिसरं बटण नाहीसं झालं आहे. देशापुढे याहून मोठे प्रश्न असतील, नाही असं नाही. पण देशाला कोट घालून म्युनिसिपालिटीच्या सभेत पुढच्या बाकावर बसावं लागत नाही. वरची दोन जागेवर आहेत, खालचं एक आहे. मधल्याच्या जागी दोन दोरे लोंबताहेत, आणि माझं पोट नेमकं त्याच खिडकीतून सभेचं कामकाज पाहतं. पडलं म्हणावं, तर घर झाडून झालं. कुणी नेलं म्हणावं, तर एकटं बटण नेऊन चोराच्या हाती काय लागणार? तरी नोंद करून ठेवतो. वस्तू आपल्या पायांनी जात नाहीत.

दुसरी नोंद. पुण्याहून संपादकांचं कार्ड. "शास्त्रीबुवा, सोलापूरचे वार्ताहर म्हणून आपली भाषा आमच्या पत्रास भूषणावह आहे, परंतु बातमी खरी असावी असाही एक संकेत आहे." हे गेल्या आठवड्यातल्या प्रकरणावरून. बागेतला झाडं लावण्याचा समारंभ कलेक्टरसाहेबांनी 'पुट ऑफ' केला, असं चिटणीस मला म्हणाला. पुट म्हणजे ठेवणे. ऑफ म्हणजे आपला अप, म्हणजे दूर. मी तार केली की समारंभ दूर नेऊन ठेवला. दूर म्हणजे कुठे, ते वाचकांनी आपसात ठरवलं आणि बरीच प्रतिष्ठित मंडळी होटगी रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहिली. समारंभ नुसता पुढे ढकलला होता.

कार्ड वाचून सरोजिनी पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "अण्णा, तुमचं इंग्रजी व्याकरण माझ्याहून पक्कं आहे. घोळ होतो तो या बारक्या शब्दांनी. अप, ऑफ, आउट. मी शिकवते."

मुलींच्या शाळेत ती धाकट्या वर्गांना शिकवते. आता बापही त्याच वर्गात.

४ जून

पहिला पाठ झाला. ज्याला ही मंडळी भारी अवघड म्हणतात तो आपला उपसर्गच आहे. एका 'हृ' धातूला पुढून काही लावा: आहार, विहार, प्रहार, संहार. जेवायला बसलेला माणूस चार अक्षरांत मारला जातो. इंग्रजांनी हेच केलं, फक्त उपसर्ग धातूच्या पुढे बांधायचा तो शेपटीला बांधला. उलट्या दिशेने लिहिणारे लोक असतात, तसे हे उलट्या दिशेने जोडणारे. मी सरोजिनीला म्हटलं, "शेपटी काढून तोंडाला लाव, अर्थ सुटतो. त्यांचा अप म्हणजे आपला उप. त्यांचा ऑफ म्हणजे आपला अप. आफ्टर म्हणजे अनु."

"असं नाही हो होत, अण्णा. हे पाठच करावे लागतात."

"पाठांतर तू मला सांगू नकोस. एक शब्द टाक."

"ब्रिंग अप."

"ब्रिंग म्हणजे आणणे, नेणे. नी धातू. उप अधिक नी. उपनयन! मुलाला जवळ घेऊन वाढवणे, मार्गाला लावणे."

ती बघतच राहिली. "लहानाचं मोठं करणं. जमलं की हे!"

"शास्त्र आहे, बाई."

त्यानंतर 'मेक अप'चा अर्थ मी 'उपकार' सांगितला, तेव्हा मात्र तिला ठसका लागला. नाटकवाले तोंडाला रंग फासतात त्याला म्हणे तसं म्हणतात. नाटकवाले उपकारच करतात, पण असो. एका अपवादाने नियम मोडत नाही.

तिची एक गोष्ट मला कळत नाही. मला हवी आहे कलेक्टरच्या भाषणाची भाषा, आणि ही शिकवते घरातली. गेट अप, उठणे. पुट ऑन, अंगात घालणे. रन आउट, म्हणजे डब्यातली डाळ संपणे. लॉक अप, घराला कुलूप घालणे. "सकाळपासून निजेपर्यंत एका माणसाला घरात जे जे लागतं तेवढं आधी," असं म्हणते. एका माणसाला? या घरात दोन माणसं राहतात.

शाळेच्या मुख्य बाई, मिस बार्लो, यांनी एप्रिलात तिच्यासाठी मद्रासला शिक्षिकांच्या कॉलेजात दोन वर्षांची जागा मिळवली होती. सरोजिनीने मला विचारलं तेव्हा मी "पाहू" म्हणालो होतो. पुढे विषय निघाला नाही, म्हणजे मिटला. तिची आई रुक्मिणी गेल्यापासून आमच्याकडे विषय असेच मिटतात, आरडाओरडा न होता.

९ जून

आज घरात विनाकारण गंभीर वातावरण आहे. झालं ते असं.

सरोजिनी सकाळी शाळेत जाताना म्हणाली, "आज परीक्षा. सगळं इंग्रजीत सांगून जाते, त्याप्रमाणे करायचं. मी नाही असं समजा." मग पायरीवरून एकेक वाक्य सांगितलं. स्टोव्ह पेटवा, दूध तापवा, आणि शेवटी, 'पुट आउट द स्टोव्ह'.

स्टोव्ह पेटला. बऱ्याच काड्या गेल्या, पण पेटला. दूध तापलं, काही पातेल्यात राहिलं. उरलं पुट आउट. आउट म्हणजे बाहेर, यावर तर वादच नाही. मी पंच्याचा बोळा करून स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला. तो फरफर करत होताच. वाऱ्याने ज्योत आडवी झाली आणि दोरीवरच्या माझ्या धोतराचा सोगा तिला जाऊन भेटला.

शेजारच्या शरणम्मा कुंपणावरून ओरडल्या, "अय्यो शिवा! शास्त्रीबुवा, काय करायलाव हो? घर जाळतावा काय?" आणि घागर घेऊन धावत आल्या. धोतर विझलं, स्टोव्ह विझला, मीही बऱ्यापैकी विझलो. डाव्या हाताला थोडं पोळलं आहे. कोरफड लावली.

दुपारी सरोजिनी आली. शरणम्मांनी दारातच सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट. मी म्हटलं, "शब्दशः केलं. भाषेचा दोष." मला वाटलं हसेल. हसली नाही. माझा हात धरून खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. मग उंबऱ्यावर बसली ती चहाची वेळ टळेपर्यंत बसली.

"पुट आउट म्हणजे विझवणं," एवढंच म्हणाली.

एका धोतरासाठी एवढं मौन? धोतर जुनं होतं.

१४ जून

आज जे कानी आलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सरोजिनी डबा विसरून गेली होती, तो द्यायला शाळेत गेलो. मिस बार्लोंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत दोघी. मी थांबलो. दाराशी थांबणं हा वार्ताहराचा धर्म आहे.

मिस मोठ्याने म्हणाल्या, "यू कान्ट गिव्ह इट अप!"

सरोजिनी म्हणाली, "आय मस्ट, मिस. हू विल लुक आफ्टर हिम?"

बाई पुष्कळ काही बोलल्या, ते माझ्या आवाक्याबाहेर गेलं. मग सरोजिनीचा आवाज: "आय लुक अप टु हिम, मिस. ही डझन्ट नो."

मी डबा पायरीवर ठेवून परत आलो. वाटेत तिन्ही शब्दांचा विग्रह केला. करायला नको होता.

गिव्ह अप. मध्ये 'इट' घुसडलं होतं, पण मी फसलो नाही. उप अधिक दा. उपदा. म्हणजे नजराणा, आणि नजराणा कुणाला आणि कशासाठी देतात ते सोलापुरात सांगायला नको. लाच.

लुक आफ्टर. अनु अधिक ईक्ष्. अन्वीक्षण. मागे राहून बघणे, माग काढणे. पाळत.

लुक अप टु. उप अधिक ईक्ष्. हे तर शेंबडं पोर सांगेल. उपेक्षा.

सगळं मिळून: मिस म्हणतात, तुला लाच देता येणार नाही. माझी मुलगी म्हणते, दिलीच पाहिजे. त्याच्यावर पाळत कोण ठेवील? आणि मी त्याची उपेक्षा करते, त्याला ठाऊक नाही.

हा 'तो' कोण? शाळेत पुरुष एकच, शिपाई निंगप्पा. तो ठार बहिरा. त्याच्यावर पाळत ठेवून सरकारला काय ऐकू येणार? मग तिच्या ओळखीचा पुरुष उरतो एकच, मी.

१५ जून

सिद्धलिंगप्पा वकिलांकडे गेलो. माझे जुने मित्र. कोर्टात इंग्रजी, घरात कानडी आणि माझ्याशी मराठी, तिन्हींत सारखेच फटकळ. शब्द सांगितले नाहीत, घरची गोष्ट आहे. आडून विचारलं.

"वकीलसाहेब, मार्शल लॉ होऊन तीन वर्षं झाली. वर्तमानपत्रवाल्यांवर अजून पाळत असते का हो?"

"असते की. का?"

"माझ्यावर असेल?"

ते सुपारी कातरत होते, ते थांबले. "शास्त्री, तुमच्या बातमीवर विसंबून लोक होटगी रस्त्याला जाऊन उभे राहतात. तुमच्यावर पाळत ठेवणारा शिपाई कुठं जाऊन उभा राहील? सरकार एवढं क्रूर नाही बघा."

हसण्यावारी नेलं. नेणारच. पण परत येताना पाहिलं, आमच्या समोरच्या लिंबाखाली एक छत्रीवाला उभा होता. मी पाहिलं तसा तो दुसरीकडे पाहू लागला. निर्दोष माणसाला दुसरीकडे पाहायचं काय कारण?

१६ जून

कोटाला बटण आलं आहे!

तिसऱ्याच जागी. बाकीची तपकिरी, हे काळं. दोरा पक्का, गाठ आतून. माझ्या कोटाला कुणीतरी हात लावला आणि मला सांगितलं नाही. कोटाला हात लागला म्हणजे खिशाला लागला. खिसे तपासले. आतल्या खिशातली तपकिरीची डबी जागेवर आहे, पण कोरडी ठणठणीत पुसलेली आहे. मी ती कधीही पुसत नाही.

छत्रीवाला आज नाही. तो समोरच्यांचा जावई निघाला. पण त्याने प्रश्न सुटत नाही, अवघड होतो. पाळत बाहेरून नाही म्हटल्यावर कुठून?

शरणम्मांकडे माझं लक्ष आहे. स्टोव्हच्या दिवसापासून त्या दिवसातून चारदा कुंपणावरून डोकावतात. आज शेंगाचटणी घेऊन आल्या आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात नजर टाकली. माझ्या आईच्या वेळी हे झालं असतं तर अंगण सारवावं लागलं असतं. माझ्या वेळी चटणी मागून घेतो.

"शास्त्रीबुवा, तुमास्नी भाकरी किती लागत्यात हो? दोन की तीन?"

"का विचारता?"

"उगंच की. सरोबाय म्हनाली हुती..." आणि जीभ चावली.

काय म्हणाली होती सरोबाय? माझ्या भाकऱ्या मोजायला कुणी सांगितलं?

१९ जून

सरळ मिस बार्लोंकडे गेलो. बटण असलेला कोट घालून. बाईंना आपली मराठी येते, देवळातल्या पोथीसारखी, पण मी ठरवलं होतं, इंग्रजीतच बोलायचं. ज्या भाषेत कट झाला त्या भाषेतच तो फोडावा.

"मॅडम," मी म्हणालो, "हाऊ मच गिव्ह अप?"

बाईंनी चष्मा काढला. चेहरा एकदम पडला. "सो शी हॅज टोल्ड यू." मग हळूच म्हणाल्या, "एव्हरीथिंग, शास्त्री. शी इज गिव्हिंग अप एव्हरीथिंग."

सर्वस्व! पंचवीस-तीस रुपयांची मास्तरीण, हिच्याकडे सर्वस्व ते काय असणार? आणि तेही लाच म्हणून! मी खुर्चीची पाठ धरली आणि दुसरा प्रश्न टाकला.

"अँड हू लुक आफ्टर मी?"

बाईंनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. त्या नजरेत दया होती. मला दया आवडत नाही.

"सरोजिनी," त्या म्हणाल्या. "हू एल्स?"

मी वळलो. नमस्कार करायचा राहिला. दारापर्यंत आलो तेव्हा त्या पाठीमागून मराठीत म्हणाल्या, "तिला थांबवा, शास्त्री. अजून वेळ आहे. महिन्याच्या अखेरीला मला मद्रासला कळवायचे आहे."

मद्रासला! म्हणजे प्रकरण मुंबई इलाख्याच्या बाहेर गेलं आहे.

२० जून

माझी मुलगी माझ्यावर पाळत ठेवते. हे वाक्य लिहून पाहिलं. लिहिल्यावर खोटं वाटेल असं वाटलं होतं.

आज दिवसभर मी तिच्यावर पाळत ठेवली. आठवतं तेवढं लिहितो. सकाळी: "अण्णा, कुठं निघालात?" निघताना: "परत कधी?" आल्यावर: "कोण कोण भेटलं? चहा कुठं घेतलात?" जेवताना माझ्या ताटाकडे पाहणं, आणि मी पाहिलं की आपल्या ताटाकडे पाहणं. माझा गिरणीवरचा मजकूर टपालात टाकण्यापूर्वी मागून घेतला, वाचला, आणि 'लॉक आउट' हा शब्द मी 'कुलूप बाहेर' केला होता तो खोडून 'टाळेबंदी' केला. म्हणजे मजकूरही तपासून जातो.

आणि माझ्या बाकीच्या कोटांची बटणं ती मोजत होती. बाकीचा म्हणजे एकच कोट आहे, लग्नातला. तो काढून उन्हात घातला होता.

किती सफाईने करते! जरासुद्धा आवाज नाही. आईच्या हाताखाली शिकली. रुक्मिणीनेही वीस वर्षांत मला कधी बटण तुटल्याचं कळू दिलं नाही.

२२ जून

सापळा लावला. काल सांगितलं, "उद्या दिवसभर अक्कलकोटला जातो." सकाळी पिशवी घेऊन निघालो आणि कोपऱ्यावरच्या गिरणीआड थांबलो. दळण दळायची गिरणी. अंगभर पीठ बसलं. वेश पालटण्याचा खर्च वाचला.

थोड्या वेळाने सरोजिनी बाहेर पडली. शाळेचा रस्ता सोडून स्टेशनचा धरला. मी मागून. अन्वीक्षण हे आता माझंच चाललं होतं, हे माझ्या ध्यानात आलं, पण चालणं थांबवलं नाही.

प्लॅटफॉर्मवर ती एका बाजूला उभी राहिली. हातात छत्री, दुसरं काही नाही. मी चहाच्या गाड्यामागे. मद्रास मेल आली. म्हटलं, आता कुणी उतरेल, काही हातात देईल, काही घेईल. ती बायकांच्या डब्यापाशी गेली. खिडकीत एक मद्रासी बाई मुलीची वेणी घालत होती. सरोजिनी त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. शिट्टी झाली. गाडी हलली. ती गाडीबरोबर थोडी चालली, पाहुण्याला पोचवायला आल्यासारखी, आणि फलाटाच्या टोकाला थांबली. पाठमोरी. गाडी दिसेनाशी झाली तरी तिथेच.

कुणाला भेटली नाही. कुणाशी बोलली नाही. काही दिलं नाही, काही घेतलं नाही. हे तर अत्यंत संशयास्पद.

परत येताना वाण्याकडे थांबली. माझी तपकीर घेतली.

२५ जून

आज मी पाठाच्या वेळी ठरवून बसलो. ती माझ्या मजकुराच्या कागदांना दोरा ओवत होती. मी म्हटलं, "आज प्रश्न मी विचारणार. तू अर्थ सांगायचा. खरा."

"विचारा की."

"लुक आफ्टर."

"सांभाळणं. काळजी घेणं."

"पाळत ठेवणं नव्हे?"

ती हसली. किती दिवसांनी हसली! "पाळत? अण्णा, आई बाळाला लुक आफ्टर करते. नर्स आजाऱ्याला करते. पाळत कसली?"

"अनु अधिक ईक्ष्..."

"तुमचा अनु राहू दे हो बाजूला!"

मी तो बाजूला ठेवला. ठेवताना आतून काहीतरी सरकलं. डोळ्यांसमोर बटण आलं, तपकिरीची डबी आली, भाकऱ्या आल्या. मी घाईने दुसरा शब्द टाकला, की आधीच्याचा विचार करायला नको.

"लुक अप टु."

तिने मान वर केली. "हा कुठं ऐकलात?"

"वाचला. उपेक्षा करणे, बरोबर ना?"

"नाही." ती दोऱ्याकडे पाहत म्हणाली. "उलट. एखाद्याला... थोर मानणं. मान वर करून पाहणं." आणि कानापर्यंत लाल झाली.

संस्कृतात ईक्ष् धातूला उप लावला की माणूस नजरेआड होतो, आणि इंग्रजीत तोच लावला की माणूस डोक्यावर बसतो. आयुष्यभर ज्या शास्त्रावर विसंबलो त्याने इतकं खाली कधी बसवलं नव्हतं. तिसरा शब्द विचारायला नको होता असं आता वाटतं. पण विचारला.

"आणि गिव्ह अप?"

तिचे हात थांबले. अंगणात शरणम्मांची घागर वाजली ती ऐकू आली.

"सोडून देणं."

"काय सोडून दिलंस?"

"मद्रास," ती म्हणाली. जणू भाजीत मीठ कमी घातलं, अशा आवाजात.

"का?"

"स्टोव्ह, अण्णा."

मग तिनेच सांगितलं, थोडं थोडं. मी एप्रिलात "पाहू" म्हणालो तो तिने होकार धरला होता, नकार नव्हे. म्हणून ते पाठ. उठणं, कुलूप, डाळ, स्टोव्ह: मी एकटा राहू शकतो का ते तिला पाहायचं होतं. शरणम्मांना भाकरीचं विचारून ठेवलं होतं. "तुमच्या हातची भाकरी अण्णांना चालेल का," हेही विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, "चटनी चालती तर भाकरीला काय झालं?" सगळं जुळत आलं होतं. मग मी पेटता स्टोव्ह उचलून अंगणात ठेवला.

"मी काय दोन वर्षं तिथं बसून रोज तुमचा हातच आठवत राहू?" ती म्हणाली. मग मजकुराला गाठ मारून मला दिला आणि स्वयंपाकाला उठली.

मिस बार्लोंनी माझ्या तोंडावर मद्रासचं नाव घेतलं होतं. मला एप्रिल आठवला नाही. आठवला नाही, की मी आठवू दिला नाही, याचा विग्रह मला करता येत नाही.

२६ जून

सकाळी ती उठायच्या आत स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि तो विझवला. जागच्या जागी. चहाला धुराचा वास होता. ती प्याली.

मी म्हटलं, "बघितलंस? पुट आउट."

"बघितलं."

"मग?"

"मग काय? एक दिवस झाला."

मी दुपारभर एक वाक्य जुळवत होतो. चहाच्या वेळी उभं राहून म्हटलं, कारण बसून म्हणण्यासारखं नव्हतं: "सरोजिनी, यू मस्ट गिव्ह अप मी."

तिच्यातली मास्तरीण जागी झाली. ती नेहमीच आधी जागी होते. "वाक्य चुकलं, अण्णा. गिव्ह अप मी नाही म्हणत. गिव्ह मी अप."

"का? शेपटी तर शेवटी हवी ना?"

"आहे की शेवटी. नाम असलं तर कुठंही चालतं. गिव्ह अप मद्रास म्हणा, गिव्ह मद्रास अप म्हणा. पण सर्वनाम असलं की ते मध्येच येतं. मी, तू, तो, कुणी असो. धातू इकडे, शेपटी तिकडे, आणि हा मध्ये."

"म्हणजे मी मध्ये येतो."

"व्याकरणात," ती म्हणाली. मग भांडी घेऊन उठली, आणि आतून म्हणाली, "आणि अर्थही तसा नाही होत. माणसाला गिव्ह अप केलं म्हणजे त्याची आशाच सोडली असं होतं. मी काही तुमची आशा सोडलेली नाही."

"जा मग. शरणम्मांची भाकरी खाईन. सिद्धलिंगप्पांकडे चहा घेईन. बटणं तुटली तर पंचा गुंडाळून सभेला जाईन."

"पाहू," ती म्हणाली.

माझाच शब्द. तो ऐकायला किती वाईट आहे हे मला ठाऊक नव्हतं.

उद्या मी मिस बार्लोंकडे जाणार आहे. मद्रासला होकार कळवा असं सांगणार आहे, मराठीत, म्हणजे घोळ नको. सरोजिनी रागावेल, मग जाईल. असं ठरवलं आहे.

पण ही वही माझ्याखेरीज कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. काल ती "मद्रास सोडलं" म्हणाली तेव्हा मला आधी हायसं वाटलं, आणि वाईट त्यानंतर वाटलं. मध्ये फार वेळ गेला नाही, पण क्रम तोच होता. स्टोव्हची मला काळजी नाही, तो जमेल. उद्या बाई चष्मा काढून विचारतील, "शास्त्री, तुमचं काय म्हणणं?" तेव्हा माझ्या तोंडून पहिल्याने काय निघेल, त्याची मला भीती वाटते.